चार नंबरचं विरजण

विज्ञानाचा प्रवाह अखंड असतो. हे वाक्य आमच्या संशोधन केंद्राच्या प्रवेशद्वारापाशी संगमरवरात कोरलेलं आहे, आणि त्याच्याखाली उद्घाटन करणाऱ्या माननीयांचं नाव त्याहून दुप्पट मोठ्या अक्षरांत आहे. प्रवाहाबद्दल मला एवढंच सांगता येईल की आमच्याकडे तो दर वर्षी मार्चअखेर आटायचा आणि नवा निधी मंजूर होऊन येईपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीचे आकाशकंदील लागेपर्यंत, कोरडाच असायचा. मधल्या काळात शास्त्रज्ञ अहवाल लिहायचे, चालक उभ्या गाड्या पुसायचे, आणि मी, ग्रंथपाल, निधी असताना जे करायचो तेच करायचो, म्हणजे फारसं काही नाही. अखंड अशी एकच गोष्ट त्या इमारतीत होती. तिचं नाव सुनंदा खडपे.

केंद्राचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर खुलासा मागवतील, आणि तो खुलासा कसा लिहायचा हे विचारायला पुन्हा माझ्याकडेच येतील. रत्नागिरीत खाडीच्या बाजूला एक बसकी पिवळी इमारत आहे, एवढं पुरे.

अधिकारी त्यांना खडपेबाई म्हणत, बाकी सगळे काकी. मिऱ्याकडच्या खारवी वस्तीतल्या. नवरा ट्रॉलरवर खलाशी. शिक्षण सातवी. मी रुजू झालो त्या दिवशी मला इमारत दाखवताना कुणीतरी एका थंडगार खोलीत नेलं. फळ्यांवर ट्यूबलाइटच्या उजेडात काचेच्या पंचवीस-तीस चंबूसारख्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. पदर खोचलेली एक बाई एकेक बाटली उचलून तीन वेळा गोल फिरवत होती, उजेडासमोर धरत होती, बोळा जरासा सैल करून वास घेत होती, आणि जागेवर ठेवत होती. मी नवा होतो, म्हणून विनोद केला. म्हटलं, "चहा गार झाला वाटतं."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मास्तर, आदी अंगाची पावडर धुवून या. मग इनोद करा."

मी खरोखरच पावडर लावून आलो होतो. ग्रंथपालाला मास्तर का म्हणायचं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या माणसं मोजत नसत, बाटल्या मोजत. सकाळी नऊला यायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या, सात वेळा स्वच्छ पाण्याने साबण उतरवायच्या. केसाला वासाचं तेल नाही, गजरा फक्त रविवारी, आणि घरून निघताना सुक्या मासळीला हात लावायचा नाही. खारव्याच्या घरात हा नियम पाळणं म्हणजे काय, हे मिऱ्याकडच्या माणसालाच कळेल.

त्या बाटल्यांत काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ. कालवाची, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांची, पिल्लं जन्मल्यावर पहिले काही आठवडे एवढंच खातात. आमच्याकडे जुने एक डॉक्टर होते, मी येण्याआधी निवृत्त झालेले, त्यांनी कालवाची पिल्लं वाढवून खाडीकाठच्या बायकांना द्यायची असं काम सुरू केलं होतं. बायका ती दोरांवर खाडीत वाढवायच्या आणि विकायच्या. खडकावर कोयती घेऊन बसण्यापेक्षा ते बरं. बाहेरून आणलेलं शेवाळ मे महिन्यात उकाड्याने मरायचं, आणि त्यातून उरलं तर पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की मरायचं. मग डॉक्टर आणि काकी होडीतून भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी फिरले, ठिकठिकाणचं पाणी भरून आणलं आणि त्यातून एकेक जात निवडून वाढवली. चौथ्या बाटलीतली टिकली. उकाड्यात टिकली, गोड्या पाण्यात टिकली. तिचं नाव चार नंबर. तिच्यासारखी दुसरी कुठे सापडली नव्हती, आणि डॉक्टर गेल्यावर कुणी शोधलीही नाही.

ती जिवंत ठेवायची रीत सोपी आहे, आणि सोपी असल्यामुळेच तिला कुणी काम समजलं नाही. दर नऊ दिवसांनी जुन्या बाटलीतलं थोडं उकळून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडायचं, रोज दोनदा हलवायचं. एक पाळी चुकली तर धुगधुगी राहते. दोन चुकल्या की संपलं. काकी त्याला विरजण म्हणत. "घरचं विरजण बिघडलं तर वाटी घेऊन शेजारणीकडं जाता येतं, मास्तर. ह्याला शेजारीण नाय." हे त्या दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगत. ऐकणारा मान डोलवून जात असे.

मार्चनंतर प्रकल्पच नसायचा, तेव्हा रसायनं नसायची, गॅस नसायचा. काकी घरून सरपण आणून मागच्या अंगणात चूल मांडून समुद्राचं पाणी उकळायच्या. एकदा मी म्हटलं, "काकी, निधी बंद आहे. काम बंद ठेवा, कोण विचारतंय?"

"त्या जिवांना जीआर वाचता येत नाय," त्या म्हणाल्या. "म्हणून जगलेत."

आणि या बाईंचं पद, दर महिन्याच्या हजेरीपटावर, शासकीय शिक्क्याखाली: रोजंदारी मजूर, अकुशल.

मी आयुष्यात बरेच विशेषण-दोष वाचले आहेत. हा मला अजून पचलेला नाही.

मार्ता आली ती त्या काळात. पोर्तुगालमधली विद्यार्थिनी, सहा महिन्यांसाठी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. तिला मराठी येत नव्हतं, काकींना इंग्रजी. पहिल्याच आठवड्यात दोघींना असा शोध लागला की साबण, बालदी, चावी, पगार हे शब्द दोघींच्या घरचे आहेत. चारशे वर्षांपूर्वी तिच्याकडच्या खलाशांनी ते इथे टाकून दिले होते. साबण, बालदी, चावी एवढ्यावर प्रयोगशाळा उत्तम चालते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पगार हा चौथा शब्द मार्ताला नीट कळायचा. आमच्या कार्यालयाला तो दोन-दोन महिने कळत नसे.

बाटली घाईत हलवली की काकी तिच्या मनगटावर चापट मारायच्या. "तीन फेरे गो. ताक नाय करायचं." मार्ता शिकली. वास घेऊन बाटलीची तब्येत सांगायलासुद्धा शिकली: चांगल्या बाटलीला ताज्या फोडलेल्या कालवासारखा वास येतो, बिघडणाऱ्या बाटलीला किंचित उकडलेल्या अंड्यासारखा. आल्या आल्याच तिने जाताना न्यायला म्हणून चार नंबरची एक लहान बाटली मागितली होती. परवानगीचा अर्ज मी लिहिला. सही-शिक्क्यासकट मंजुरी यायला बरोबर तिच्या मुक्कामाइतकाच वेळ लागला. ती निघण्याच्या आदल्या दिवशी कागद हातात पडला. आमच्या केंद्राकडून वेळेत झालेलं हे एकमेव काम असावं.

पुढे तिचा शोधनिबंध छापून आला. आभारात काकींचं नाव होतं, नीट 'श्रीमती' लावून. मी ते पान काढून दाखवलं. काकींनी बोटाने नाव चाचपलं आणि विचारलं, "बाटलीचं काय लिवलंन?"

आता रागाच्या गोष्टींकडे यायला हवं. मी त्या क्रमाने सांगतो, कारण एकेकटी घेतली तर प्रत्येक गोष्ट नियमाला धरूनच होती.

पहिली वादळाची. रत्नागिरीत चार दिवस वीज नव्हती, झाडं आडवी, केंद्राचं जनित्र गेल्या दुरुस्तीपासून बंद. खोलीचं छप्पर गळायला लागलं. काकींनी बारा बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, मासळीच्या टोपलीत रचल्या, आणि रिक्षा मिळेना म्हणून डोक्यावरून मिऱ्याला घरी नेल्या. पाचव्या दिवशी बाराच्या बारा परत, जिवंत. नवे संचालक तेव्हा नुकतेच आले होते. त्यांनी काकींना नोटीस काढली: शासकीय मालमत्ता विनापरवाना आवाराबाहेर नेल्याबद्दल.

त्या नोटिशीचा मसुदा माझा. केंद्रात बरं मराठी लिहिणारा मी एकटाच, त्यामुळे असली सगळी पत्रं माझ्याकडे येतात. मसुद्यात 'तात्काळ' हा शब्द संचालकांनी सांगितला नव्हता. वाक्याला वजन येतं म्हणून तो मी घातला.

खुलासाही मीच लिहून दिला, स्वच्छ अक्षरात. यापुढे एकही बाटली आवाराबाहेर नेणार नाही. काकींनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "घरात पडवीत एक बाटली कायम असते. जुन्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंनी. हितलं काय झालं तर असावी म्हणून."

"ती राहू द्या. कुणाला कळणार आहे?"

"सही करतंय ना मी? मग ती पण आणून ठेवतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीतली बाटली आणून फळीवर ठेवली.

दुसरी गोष्ट कौशल्याची. शासनाने कुशल मनुष्यबळाची योजना काढली आणि काकींना कुशल ठरवण्याची संधी आली. बारा दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. शिकवायला आलेल्या तरुणाने शेवाळ पुस्तकात पाहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून काकीच शिकवत होत्या आणि तो वहीत उतरवून घेत होता. प्रमाणपत्र मात्र मिळालं नाही, कारण अर्जाला दहावीचा दाखला लागत होता. पुढच्या महिन्यात योजनेची रंगीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर बाटली धरलेले दोन हात. डाव्या अंगठ्यावर कोयतीचा जुना व्रण, हिरवी काकणं. चेहरा कापलेला. पुस्तिकेच्या दोनशे प्रती माझ्या ग्रंथालयात आल्या. वाटायच्या कुणाला हे कळवलं नव्हतं.

"हात तुमचेच," मी म्हटलं.

"व्हय," काकी म्हणाल्या. "हात पास झाले. मी ऱ्हायले."

मग तिसरी, मोठी. जगभरातली नामवंत बुद्धी आपल्याकडे आणायची अशी एक योजना आली. परदेशी शास्त्रज्ञाला वर्षभर बोलवायचं, मानधन, निवास, नवं दालन. ज्यांना विचारलं त्या बहुतेकांनी पुणे नाहीतर बंगळूर मागितलं. रत्नागिरी पहिल्या क्रमांकावर लिहिणारी एकच निघाली. मार्ता आता डॉक्टर होती, तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. तिने संचालकांना दोन ओळी लिहिल्या: मी येते. चार नंबर आणि सुनंदा, दोन्ही लागतील.

संचालकांनी मला बोलावलं. "ही सुनंदा प्रणाली आपल्याकडे आहे का? नसेल तर खरेदीत टाकावी लागेल."

मी म्हटलं, "सर, त्या बाटल्या धुणाऱ्या बाई." एवढंच म्हटलं. याहून जास्त सांगण्याची ती वेळ होती, आणि मला घाई नव्हती.

उद्घाटनाला माननीय येणार ठरलं आणि केंद्रात चुना, झेंडूच्या कुंड्या, लाल गालिचा यांचा वर्षाव सुरू झाला. दहा वर्षं गळणारं छप्पर नऊ दिवसांत गळायचं थांबलं. म्हणजे निधी होता. मला परिपत्रक लिहायला सांगितलं. 'मान्यवरांच्या भेटीपूर्वी सर्व दालनांतील अनावश्यक, जुन्या व अस्वच्छ वस्तू यथोचित हटवण्यात याव्यात.' यथोचित माझा. काम सफाईच्या ठेकेदाराला दिलं.

त्याच आठवड्यात काकींना खंड दिला होता. बाहेरच्या वाचकाला हे माहीत नसेल. रोजंदारीच्या माणसाला ठरावीक मुदतीनंतर काही दिवस कामावरून कमी करतात आणि पुन्हा घेतात, म्हणजे सेवा सलग धरली जात नाही आणि त्याला कायम करा म्हणून मागता येत नाही. काकींना असे खंड इतके मिळाले होते की त्यांची नोकरी म्हणजे जाळंच होतं. पण खंडातही त्या यायच्या. मागच्या दाराने, 'पाणी प्यायला' म्हणून, बाटल्या हलवून जायच्या. या वेळी दोन्ही दारांवर यादी होती. यादीत नसलेल्याला प्रवेश नाही.

उद्घाटनाच्या सकाळी मी पोचलो तेव्हा त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, हात धुतलेले, कशालाही न लावता पुढे धरलेले. पोरसवदा पहारेकरी ओशाळल्या चेहऱ्याने उभा.

"काकी, तुमचं नाव नाय त्याच्यात. मी काय करू?"

"तू काय करणार, बाबा. तुला काठी दिलंनी, चावी नाय." मग मला म्हणाल्या, "मास्तर, तीन दिवस झाले, मला आत सोडत नायत. आज नववा दिवस. पाणी बदलायला हवं. तुमाला ते नाय जमायचं, पण हलवा तेवढं. तीन फेरे. घाई नको. माझी मी उद्या बगते."

मी आत गेलो. खोलीच्या दारातच फिनेलचा वास आला. फळ्या रिकाम्या, पुसलेल्या, लखलखीत. त्यांवर समान अंतरावर प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंड्या. बाटल्या कोपऱ्यात, धुऊन, पालथ्या घातलेल्या, इतक्या स्वच्छ की मला त्यांत माझा चेहरा दिसला. ठेकेदाराचा मुकादम माझी वाटच पाहत असावा, शाबासकीसाठी.

"चहाच्या बाटल्या व्हत्या, साहेब. महिनोन् महिने कुणी धुतल्या नव्हत्या. तळाला साका धरलेला. आमी चार पाण्यानं काढल्या."

त्याचा काही दोष नाही. त्याच्या हातात परिपत्रक होतं, आणि परिपत्रक मोघम नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

फाटकापर्यंतचं अंतर पन्नास पावलं असेल. मी ते कसं चाललो हे मला आठवत नाही. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या."

"चार नंबर?"

"ती पण."

"मोरीत ओतल्या?"

"हो."

"फिनेल व्हतं?"

"हो."

नसतं तर त्या बालदी घेऊन मोरीचा पाइप जिथे खाडीत सुटतो तिथे गेल्या असत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फिनेल ऐकून ते मावळलं. त्या म्हणाल्या, "पडवीतली असती तर." मग म्हणाल्या, "तो कागद तुमीच लिवलावता ना, मास्तर?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय तुमचं."

त्या रागावल्या नव्हत्या. राग मला येतो, अजून येतो, आणि तो कमी होऊ नये याची मी काळजी घेतो. एकोणीस वर्षं एका बाईने चुलीवर पाणी उकळून जे जगवलं, ते आम्ही एका सकाळी स्वच्छ केलं, विज्ञानाचा गौरव करायचा होता म्हणून.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. समई तीन वेळा विझली. माननीय म्हणाले, "जगातली बुद्धी आज रत्नागिरीच्या दारात उभी आहे." यात काही खोटं नव्हतं. ती दारातच उभी होती. यादीत नाव नसल्यामुळे आत सोडत नव्हते.

मार्ता व्यासपीठावर साडीत, अवघडून. हार गळ्यात पडताच तिने शिकून आणलेल्या मराठीत संचालकांना विचारलं, "सुनंदा कुठे आहे?" संचालक म्हणाले, रजेवर. ती उठली, पायऱ्या उतरली आणि सरळ त्या खोलीत गेली. मी मागोमाग. दारात थांबून तिने वास घेतला, काकींनी शिकवला होता तसा. फळ्या पाहिल्या, फुलं पाहिली. एका कुंडीतलं फूल बोटाने दाबून पाहिलं. मग मला विचारलं, "चावी कोणाकडे होती?"

मी म्हटलं, "काकी फाटकाबाहेर उभ्या आहेत." ती फाटकाकडे निघाली, हारासकट.

"काय गो," काकी म्हणाल्या, "बारीक झालीस. खायला घालत नायत का तिकडं?"

मार्ताने त्यांचे धुतलेले हात धरले. "आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे. तू दिलेली."

काकींनी हात सोडवले नाहीत. "जिती?"

"नऊ दिवस, नवं पाणी. नऊ दिवस, नवं पाणी."

"तीन फेरे?"

"तीन फेरे."

काकी माझ्याकडे वळल्या. "म्हणजे शेजारीण व्हती की, मास्तर."

तिकडून विरजण आणायला पाच महिने लागले. अर्ज माझे. परदेशी सजीव आयात करायचा तर त्याचं मूळ स्थान लिहावं लागतं. मी भाट्ये लिहिलं. अर्ज परत आला, कारण आयातीचं मूळ स्थान देशांतर्गत असू शकत नाही. मी पोर्तुगाल लिहिलं; अर्ज मंजूर झाला. तीन नळ्या मे महिन्यात मुंबईच्या विमानतळावर उतरल्या आणि गोदामात अडकल्या, कारण हा परकीय जीव रत्नागिरीच्या खाडीला अपायकारक नाही असा तज्ज्ञांचा अभिप्राय हवा होता. अभिप्राय मागणारं पत्र आमच्याच केंद्राकडे आलं. संचालकांनी ते विचारार्थ ठेवलं. मार्ता त्यांच्या दालनाबाहेर सलग तीन दिवस बसली, तेव्हा विचार पूर्ण झाला.

नळ्या सुटून केंद्रात पोचल्या, तेव्हा काकींना आणायला केंद्राची जीप गेली. त्या जीपमध्ये त्या पहिल्यांदाच बसल्या. दोन नळ्या फिकट पडल्या होत्या, त्यांचा वास घेऊन त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. तिसऱ्या नळीचा बोळा काढला आणि बराच वेळ नाकाशी धरली. 

"हाय," त्या म्हणाल्या. मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामात दुसरी कुठलीही जात उरली नसती. ही भाट्याच्या खाडीतली होती.

वार्षिक अहवालात ही घटना मुखपृष्ठावर गेली: परदेशातून नवीन उपयुक्त प्रजाती आणण्यात केंद्राला यश. तो मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी पहिल्यांदाच एक पत्र लिहायला नकार दिला. त्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्याने लिहिलं, व्याकरणाच्या चुकांसह.

काकींना परत घेता आलं नाही. धुण्यास बाटल्या शिल्लक नसल्याने त्यांचं पद खंडातच रद्द झालं होतं, आणि मार्ताच्या प्रकल्पात सहायक म्हणून घ्यायला पदवी लागत होती. मार्ता आपल्या मानधनातून काही द्यायची. काकी घ्यायच्या, कारण त्या संत नव्हत्या. पण आवारात यायचं कोणत्या नात्याने? तेव्हा मला माझ्या नोकरीत पहिली उपयुक्त कल्पना सुचली. आमचं ग्रंथालय नियमाने जनतेला खुलं आहे. त्याचा फायदा त्या दिवसापर्यंत कुणी घेतला नव्हता. मी काकींना वाचक म्हणून कार्ड करून दिलं आणि बाटल्या ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या खिडकीत मांडल्या. वाचकाला खंड देण्याची तरतूद नाही. रोज नऊला त्या यायच्या, वाचकांच्या वहीत सही करायच्या, आणि 'वाचलेले साहित्य' या रकान्यात लिहायच्या: चार नंबर.

मार्ताचं दुसरं वर्ष मंजूर झालं होतं, पण त्याचा निधी आला नाही. ती पुढच्या दिवाळीपर्यंत थांबली, मग गेली. तिला निरोप द्यायला काकी स्टेशनवर आल्या होत्या. "तिकडचं मरू देऊ नको गो," एवढंच म्हणाल्या. तीन वर्षं त्या वाचक होत्या. त्या काळात त्यांनी मला शिकवलं, मनगटावर चापट्या मारून. मी पावडर कधीच सोडली होती.

गेल्या वर्षी गणपतीनंतर त्यांना कावीळ झाली. रुग्णालयात मी भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे. मला पाहून विचारलं, "आज कितवा?"

"नववा," मी म्हटलं.

"मग हितं काय करताव?"

मी परत गेलो आणि पाणी बदललं. त्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. केंद्रात शोकसभा झाली नाही, कारण वाचकासाठी ती घेत नाहीत.

मागच्या आठवड्यात नवं परिपत्रक निघालं. कुणी माननीय पुन्हा येणार आहेत. ठेकेदाराची माणसं झाडू घेऊन ग्रंथालयापर्यंत आली, खिडकीतल्या बाटल्यांकडे त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांवर चिकटवलेल्या क्रमांकांकडे आणि गोल शिक्क्याकडे पाहून थबकली. मी त्यांना दाखल नोंदवही उघडून दाखवली. प्रकार: नियतकालिक. कालावधी: दर नऊ दिवसांनी. देणगीदार: सुनंदा खडपे, मिऱ्या. नोंद झालेली कोणतीही वस्तू ग्रंथालयातून बाद करायची असेल, तर तीन सदस्यांच्या समितीची लेखी शिफारस लागते. ही समिती मी रुजू होण्यापूर्वी नेमलेली आहे. तिची पहिली बैठक अजून व्हायची आहे.